बटन बांधलंय

वैजापूर रोडवरच्या एका कांदा मार्केटात मी दोन ट्रॅक्टरांना एकच नंबर दिला. चौदा. स्वतःच्या हातानं नव्हे, चिकलठाण्यातल्या थंडगार ऑफिसात बसून लिहिलेल्या प्रोग्रॅमातून. त्या मार्केटात नंबराप्रमाणं गाड्या ओळीत लागतात आणि व्यापारी गाडीगाडीनं पुढं सरकत बोली लावतात. त्या सकाळी एका गेटातून एक ट्रॅक्टर चौदा नंबरची चिठ्ठी घेऊन आत आला, दुसऱ्या गेटातून दुसरा चौदा नंबरचीच चिठ्ठी घेऊन आला. दोघांच्या चिठ्ठ्या खऱ्या, दोन्ही आमच्याच सिस्टिमच्या. एकानं ट्रॉली आडवी लावली. दुसऱ्यानं त्याच्या पुढ्यात आपली लावली. मग सोळा नंबरही दोन निघाले, एकवीसही दोन. दुपारपर्यंत लिलाव बंद, गाड्या पार हायवेपर्यंत, आणि लोक काय बोलत होते ते मार्केटच्या सेक्रेटरीनं फोनवर आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी तेव्हा तरुण होते. एक्कावन्न वर्षांची. अक्कल त्या मानानं कमी.

ही चूक कशी घडली ते सांगायचं तर प्रज्ञा निकाळजेबद्दल सांगावं लागतं, आणि ते माझ्या जिवावर येतं. मला ती आवडत नव्हती. तिला मी आवडत नव्हते. या एका बाबतीत आमचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

आमची कंपनी लहानशी. बाजार, गोदामं, जिनिंग यांना लागणारे प्रोग्रॅम करायची. मी तिथं बावीस वर्षं जावा या भाषेत लिहीत होते. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना जावा मी शिकवलेली, त्यामुळं चहा आला की पहिला कप माझ्या टेबलावर, अशी माझी ऐट. एके दिवशी आमचे मॅनेजर जैस्वाल साहेब यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की नवी सिस्टिम स्कालात लिहायची. स्काला म्हणजे त्याच घरात आलेली धाकटी सून म्हणा. चूल तीच, भांडी तीच, पण स्वैपाकाची रीत अगदी वेगळी, आणि थोरलीचं ऐकायची पद्धत नाही. साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वर्षअखेरीला नव्या सिस्टिममध्ये ज्याच्या नावावर एकही मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा एखादा भाग, नसेल, तो जुन्या सिस्टिमवर राहील. आणि जुनी सिस्टिम उन्हाळ्यात बंद होणार होती. म्हणजे पुढं काय, ते बोलून दाखवायला साहेब लाजले. आम्हाला कळायला वेळ लागला नाही.

माझ्या वाट्याला रांगेचं मॉड्यूल आलं. मार्केटात येणाऱ्या प्रत्येक गाडीला नंबर द्यायचा, एवढंच त्याचं काम. आणि सगळ्यांचा कोड तपासायला पुण्याहून नोकरी सोडून परत आलेली, एकोणतीस वर्षांची प्रज्ञा निकाळजे. तिच्या मंजुरीशिवाय एक ओळ पुढं जाणार नाही असा नियम झाला.

ती बजाजनगरहून स्कूटीवर यायची. म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, रोज. तोंडाला पांढरा स्कार्फ असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. जागेवर आली की आधी स्कार्फ सोडायची, टेबलावर अंथरायची, चौकोनी घडी घालायची, घडीवरून एकदा तळहात फिरवायची. तोवर कुणाशी बोलणं नाही. जैस्वाल साहेब समोर येऊन उभे राहिले तरी त्यांनी घडी होईपर्यंत थांबायचं. साहेब थांबायचे.

पहिल्या दिवशी मी, मोठेपणाच्या भरात, तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "काय गं, कुठली तू? बजाजनगर का? वडील कंपनीत असतील मग."

तिनं आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मॅडम, अगं-तुगं नको. ऑफिसात आपण तुम्ही-तुम्ही बोलू."

मी देशमुखांची लेक. माहेर वैजापूर तालुक्यातलं. आमच्या गावात निकाळजे आडनावाच्या माणसाला माझ्या आजोबांनी कधी तुम्ही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. तिच्या डोक्यात आली असणार. मला नुसतं वाटलं, केवढी ही शिष्ट. त्या दिवसापासून ती मला देशमुख मॅडम आणि मी तिला निकाळजे मॅडम. इथं लिहिताना मी बिनदिक्कत ती म्हणते आहे, कारण ती हे वाचायला नाही.

माझी पहिली स्काला चारशे ओळींची झाली. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम, ज्याची स्कालात गरज नसते. प्रत्येक फंक्शनच्या शेवटी रिटर्न, त्याचीही गरज नसते. दर पाच ओळींनी "ही वस्तू आहे ना, रिकामी तर नाही ना" अशी विचारपूस. मी तो कोड छापून घरी नेला होता, नवऱ्याला दाखवायला. त्याला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तर दाखवला.

तिची वाचायची तऱ्हा वेगळी होती. माऊसला हात नाही. खाली जायच्या बाणावर एक बोट, आणि ओठ हलतायत. तलाठ्याकडचा कागद वाचावा तशी ती कोड वाचायची, पुटपुटत, ओळ न सोडता. शेरे लिहायची एकाच शब्दाचे. "का?" त्या चारशे ओळींवर एकसष्ट वेळा "का?" होतं. मी मोजले, कारण मला तक्रार करायची होती. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य: "ही जावाच आहे, नवी साडी नेसवलीय."

माझी नात चार वर्षांची आहे. दिवसातून साठेक वेळा का विचारते. सून म्हणते, आई, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही. माझी सगळी चिडचिड आधीच होऊन गेलीय, एवढंच.

पुढच्या खेपेलाही अर्धविराम होतेच. बोटांना बावीस वर्षांची सवय. तिनं माझा कीबोर्ड स्वतःकडं ओढला, नखानं अर्धविरामाचं बटन उचकटून काढलं आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाली, "सवय सुटली की मागा."

मी तडक जैस्वाल साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, तिनं माझं बटन काढलं." दोन लेकरांची आई, थोरल्याचं लग्न ठरलेलं, आणि तोंडातून हे वाक्य. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, अब मैं क्या बोलूं? तुम्ही दोघी समजदार आहात." आम्ही दोघीही नव्हतो.

बाकीच्यांशी ती काही गोड वागायची असं नाही. कुणाचा वाढदिवस असला की केक खायला यायची, टाळ्या मात्र वाजवायची नाही. हातात हात धरून उभी राहायची आणि गाणं संपलं की प्लेट पुढं करायची. डबा जागेवरच खायची, एकटी. कुणी म्हणालं, "माझ्या मशीनवर चालतंय की," तर म्हणायची, "मग तुमचं मशीन मार्केटात नेऊन ठेवा." कुणी छातीठोक काही सांगू लागलं की दोनच शब्द: "करून दाखवा." चांगलं, छान, बरं जमलं, हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. शेरा आला नाही तर ती शाबासकी समजायची. तशी शाबासकी पहिल्या दोन महिन्यांत कुणालाच मिळाली नाही.

एका शेऱ्याचा मात्र कुणालाच अर्थ लागत नव्हता. स्कालात एखादी वस्तू असेल किंवा नसेल अशी शंका असली, की ती झाकणाच्या डब्यात घालून देतात. डब्यात असेल तर काय करायचं आणि नसेल तर काय करायचं, हे दोन्ही सांगितल्याशिवाय भाषा तुम्हाला पुढं जाऊ देत नाही. पण त्या भाषेनं एक पळवाटही ठेवलीय. 'गेट', म्हणजे फाटक नव्हे, इंग्रजीतलं 'घे', एवढा शब्द लिहिला की झाकण उपटून थेट आत हात. आत काही नसलं की सगळा प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो. मी घाईची बाई. मी सगळीकडं गेट लिहायची. तिथं तिचं "का?" नसायचं. तिथं लिहिलेलं असायचं: "बटन बांधलंय."

मी विचारलं, "निकाळजे मॅडम, हे बटन कसलं?"

"अर्थ राहू द्या. सोडा ते."

आम्हाला वाटलं, पुण्याकडची फॅशन असेल.

एकदाच तिनं मला समोर बसवून शिकवलं. तेही मीच हट्टाला पेटले म्हणून. मी म्हटलं, "नुसतं का, का करू नका. कसं लिहायचं ते सांगा." तिनं पांढऱ्या फळ्यावर गाड्यांची एक ओळ काढली.

"कांद्याच्या गाड्यांची यादी आहे. त्यातल्या भरलेल्या तेवढ्या पाहिजेत. तुम्ही काय करता?"

"एक रिकामी यादी घेते. जुनीतली एकेक गाडी उचलते, बघते, भरलेली असली की नवीत टाकते."

"हमाली," ती म्हणाली. "कुणी सांगितली?"

"बावीस वर्षं अशीच करते."

"ते दिसतंय. भाषेला एवढंच सांगा, की भरलेल्या पाहिजेत. कशा उचलायच्या ते तिचं ती बघंल." मग फळ्यावरची ओळ तशीच ठेवून तिनं खाली दुसरी ओळ काढली. "आणि हे बघा. जुनी रांग घ्यायची, नवी रांग द्यायची. जुनीला हात लावायचा नाय. खोडायचं नाय, पुसायचं नाय. ज्याच्या हातात जुनी आहे त्याच्या हातात ती तशीच राहिली पाहिजे."

मी मान डोलावली. मला त्यातलं एकच कळलं, की तिला थोडक्यात लिहिलेलं आवडतं. हे मला पुढं फार महागात पडलं.

नव्या सिस्टिमला एकाच मार्केटानं होकार दिला होता आणि त्यांना ती डिसेंबरच्या मध्यावर हवी होती. माझं मॉड्यूल तिनं तीनदा परत पाठवलेलं. तिसऱ्या वेळचं साठ ओळींवर आलं होतं, तरी त्यावर नऊ का. आणि त्याच आठवड्यात तिनं चार दिवस रजा टाकली. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

माझ्याकडं जुन्या काळापासूनची एक परवानगी होती. तिच्या मंजुरीवाचूनही मी कोड पुढं ढकलू शकत होते. बावीस वर्षांत ती मी वापरली नव्हती. त्या दिवशी वापरली. मनात असं होतं, की ही परत येईल तेव्हा मार्केट झक्क चालू असेल, आणि मग बघू हिचे का.

ढकलण्याआधी मी कोड आणखी देखणा केला. शेवटचा नंबर कोणता दिला, हे मी 'व्हार'मध्ये ठेवलं होतं. व्हार म्हणजे खोडून पुन्हा लिहायची पाटी. आता दोन गेटांवरून दोन माणसं एकाच पाटीवर लिहिणार म्हटल्यावर तिला कुलूप लागतं, म्हणजे एक जण आत असताना दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. जावात हे कुलूप मी झोपेतसुद्धा लावलं असतं. इथंही आधी लावलं होतं. पण ती ओळ फार जावा दिसत होती. शिवाय माझी अशी समजूत, की या नव्या भाषेत सगळं आपोआप सुरक्षित असतं, म्हणून तर एवढा डंका. काढलं कुलूप. एक्कावन्न ओळी झाल्या. माझ्या वयाएवढ्या. मला तो शुभशकुन वाटला.

घरच्या लॅपटॉपवर मी एकाच गेटानं चालवून पाहिलं. एक, दोन, तीन, चार. सुरेख.

मार्केटात दोन्ही गेटं एकाच क्षणी पाटीपाशी आली. दोघांनी तेरा वाचलं. दोघांनी चौदा लिहिलं.

सेक्रेटरीचा फोन येऊन गेला आणि जैस्वाल साहेब माझ्या टेबलापाशी आले. घाम पुसत म्हणाले, "रिव्ह्यू झाला होता ना?"

मी म्हणाले, "झाला होता. निकाळजे मॅडमनी पाहिलं होतं."

पाहिलं होतं, यात खोटं काय. आठवड्यापूर्वीचं, कुलपासकटचं तिनं पाहिलंच होतं. अशा अर्ध्या खऱ्याची सवय बाईमाणसाला सासरी लागते आणि मग ती कुठंही उपयोगी पडते. वर मी हेही म्हणाले, "भाषाच कच्ची आहे, साहेब. मी आधीपासून सांगत होते." साहेबांनी तिथंच उभं राहून तिला फोन लावला. स्पीकरवर. मागं हॉस्पिटलातलं कुणाचं तरी नाव पुकारलेलं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "आपने पास किया और मार्केट बंद पड गया. तुमच्या भरवशावर आम्ही सगळं टाकलं."

पलीकडून एवढंच, "येते."

ती आली. सगळं ऑफिस उभं. तिनं स्कार्फ सोडला, अंथरला, घडी घातली, हात फिरवला. त्या दिवशी ती घडी मला संपूच नये असं वाटत होतं.

मंजुरी कुणी कधी दिली याची नोंद सिस्टिममध्ये असते. ती उघडून दाखवली असती तर एका मिनिटात माझा निकाल लागला असता. तिनं ती उघडली नाही. स्वतःच्या मशीनवर दहा-बारा ओळी लिहिल्या. दोन गेटं, हजार गाड्या, सगळ्या एकदम. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर चालवलं. दोनदा आलेल्या नंबरांची यादी खाली उतरत गेली. पुन्हा चालवलं, वेगळेच नंबर दोनदा आले. तिसऱ्यांदा चालवलं. साहेब स्क्रीनकडं बघत होते. ती माझ्याकडं.

"देशमुख मॅडम, हा कोड मी पाहिला होता?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. खुर्ची ओढली, बसली आणि वाट बघत राहिली. कुणीतरी आणलेला चहा पहिल्यांदा तिच्या टेबलावर ठेवला गेला. तो तिनं प्यायला, सावकाश, पूर्ण. कप खाली ठेवला. तरी वाट बघतेच आहे.

"नाही," मी म्हणाले. "मंजुरी नव्हती. मीच पुढं ढकललं."

"मागच्या वेळी यात कुलूप होतं. ते?"

"मीच काढलं."

"का?"

स्क्रीनवर एकसष्ट वेळा वाचलेला तो शब्द तोंडी पहिल्यांदाच ऐकला. मी खरं ते सांगितलं. "लहान दिसावं म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ती साहेबांकडं वळली. "कुलूप आत्ता परत लावते, मार्केट उद्या चालू होईल. रांगेचं मॉड्यूल माझ्या नावावर करा." साहेबांनी तिथल्या तिथं केलं. वर्ष संपायला पंधरा दिवस होते आणि नव्या सिस्टिममध्ये माझ्या नावावर काही उरलं नाही.

रविवारी मी इमरतीचा अर्धा किलोचा पुडा घेऊन बजाजनगरला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटत होतं की मी माफी मागायला चाललेय. खरं म्हणजे मॉड्यूल परत मागायला चालले होते, पण हे मला वाटेवरचा गोलवाडीचा पूल ओलांडेपर्यंतसुद्धा कबूल नव्हतं.

दीड खोलीचं घर, कंपनी कामगारांच्या चाळवजा ओळीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, खाली तिची पदवीची चौकट. ती औषधं आणायला गेली होती. वडील काळा चष्मा लावून कॉटवर बसलेले. "या, या. कोन? देशमुख मॅडम व्हय? बसा. नाव आयकलंय तुमचं." काय ऐकलंय हे मी विचारलं नाही. त्यांनी स्वतः उठून, भिंतीला चाचपत, माठातलं पाणी दिलं. पेला घेताना मला त्यांचा डावा हात दिसला. पहिली दोन बोटं मधल्या पेरापासून नव्हती.

माझी नजर गेलेली त्यांना चष्म्यातून कशी कळली कोण जाणे. "प्रेसवर गेली," ते म्हणाले. "वाळूजला होतो ना मी. पत्रा दाबायची मशीन. तिला दोन बटनं असत्यात. एक ह्या हाताला, एक त्या हाताला. दोन्ही एकदम दाबली तरच डाय खाली येतो. म्हंजे हात आत राहायचा सवालच नाय."

"मग बोटं कशी गेली?"

"त्याला टाइम लागतो की. टार्गेट असतंय. मग एक बटन दाबायचं आन सुतळीनं आवळून टाकायचं. म्हंजे एका हातानं माल ठेवायचा, एका हातानं मशीन. लई फास्ट होतंय काम."

"कुणी बांधलं होतं बटन?"

"मीच," ते म्हणाले. मग जरा हसले. "पोरगी सहावीत होती. इचारायची, बाबा, बटन कुणी बांधलं? मी म्हणलं, सुपरवायझरनं. खोटंच. शरम वाटली लेकरापुढं. तिनं चांगलं दोन वर्षं त्या बिचाऱ्या सुपरवायझरला शिव्या घातल्या. मग एक दिवस माझा दोस्त आला घरी आन त्याच्या तोंडून निघून गेलं. तवापासून ती अशीच. कुनी काय सांगितलं की म्हणती, करून दाखवा."

मी पेला हातात धरून बसून राहिले. पाणी प्यायचं राहून गेलं.

ती दारात आली. चपला काढल्या, स्कार्फ सोडला, घरातसुद्धा घडी घातली. पुडा बघून म्हणाली, "हे परत न्या. बाबांना शुगर हाय."

मी उभी राहिले. म्हटलं, "निकाळजे मॅडम, मी तुमचं नाव घेतलं ते चुकलं. मला माफ करा." तेव्हाचं ते वाक्य खरं होतं. येतानाचं नव्हतं, पण तेव्हाचं होतं.

तिनं औषधाच्या गोळ्या वडिलांच्या उशाशी ओळीनं मांडल्या. सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या. शेवटी म्हणाली, "कुलूप लावलंय ते टेकू म्हणून. सोमवारी नऊला या. व्हार काढून पहिल्यापासून लिहायचं. मी लिहिणार नाय. तुम्ही लिहाल."

वडील म्हणाले, "मॅडमला चहा तरी टाक."

"त्यांना उशीर होईल," ती म्हणाली.

पुढच्या बारा दिवसांत मी ते मॉड्यूल सात वेळा लिहिलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसायची, हाताची घडी घालून. मी चुकत असले तरी बोलायची नाही, लिहून होऊ द्यायची आणि मग ते हजार गाड्यांचं यंत्र चालवायची. तिसऱ्या दिवशी मी रडले, स्वच्छतागृहात जाऊन. परत आले तर तिनं स्क्रीनवर आणखी एक "का?" लिहून ठेवलेलं. पाचव्या खेपेला मला एकदम उमगलं, की मी बावीस वर्षं पाटीभोवती पहारे बसवत आले आणि पाटी हवीच कशाला हे कधी विचारलंच नाही. मग मी एक साधं फंक्शन लिहिलं. त्याला जुनी रांग द्यायची. ते नवी रांग आणि गाडीचा नंबर हातात देतं. जुनीला ते शिवत नाही, बाहेरच्या जगाकडं बघत नाही, कितीदा विचारा, तेच उत्तर. आणि जुनीच्या जागी नवी ठेवायचं काम एकाच ठिकाणी, एका झटक्यात. मधे कुणी बदल केला असेल तर नव्यानं सुरुवात. दोन्ही गेटांनी एकदम हात घातला तरी दोघांना वेगळे नंबर. छत्तीस ओळी झाल्या, आणि या वेळी मी त्या मोजल्या नव्हत्या. नंतर दुसऱ्या कुणीतरी मोजल्या.

सातव्या खेपेला तिनं बाणावर बोट ठेवून, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत वाचलं. परत वर गेली. परत वाचलं. यंत्र चालवलं, दहा हजार गाड्या. मग मंजुरी दिली आणि उठून आपल्या जागेवर गेली. एकही शेरा नाही.

त्याच आठवड्यात कळलं की ती बंगळुरूला चाललीय. मोठी कंपनी, मोठी जागा, वडिलांना बरोबर नेणार. निरोपाचा केक आला. तिनं खाल्ला. टाळ्या आम्हीच वाजवल्या, तिनं नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी टेबल आवरत होते. माझंही आवरणंच होतं ते, जुन्या सिस्टिमकडं जायचं म्हणून. बघते तर कीबोर्डावर अर्धविरामाचं बटन परत जागेवर बसवलेलं. तेवढ्यात जैस्वाल साहेबांनी नव्या वर्षाची यादी दाराशी लावली. कुठलं मॉड्यूल कुणाच्या नावावर. जाता जाता तिनंच दुरुस्त करून दिली म्हणाले. रांगेपुढं लिहिलं होतं: देशमुख.

मी हुरळले. एक्कावन्न वर्षांची बाई जिन्यानं धावत पार्किंगमध्ये. ती स्कूटीपाशी उभी राहून स्कार्फ बांधत होती, एक वेढा, दुसरा वेढा, नाक झाकलं, कपाळ झाकलं, डोळे तेवढे राहिले. मी धापा टाकत म्हटलं, "म्हणजे निकाळजे मॅडम, तुम्ही मला माफ केलंत म्हणायचं."

तिनं स्कार्फाचं टोक खोचलं, स्टँड पायानं वर केला, आणि म्हणाली, "माफ केलेलं नाय मी तुम्हाला, देशमुख मॅडम. रांगेचा कोड तुमच्या नावावर ठेवला, कारण तो बरोबर हाय."